नावाचा धनी

पुस्तकाच्या वेष्टनावर ज्याचे नाव छापलेले आहे असा एक मनुष्य जगात कोठे तरी असतो, तोच ते पुस्तक लिहितो, आणि त्याच्या हातून लेखणी गळून पडली म्हणजे त्याची पुस्तकेही निघावयाची थांबतात, हा समज वाचकाच्या मनात इतका खोल रुजलेला असतो की, तो पडताळून पाहण्याची बुद्धी त्याला सहसा होत नाही. लहान मुलांची तर गोष्टच नको. गेल्या शतकात अमेरिकेतील असंख्य मुलींनी नॅन्सी ड्रू या तरुण गुप्तहेर मुलीच्या साहसकथा वाचून त्यांच्या लेखिकेस, म्हणजे कॅरोलिन कीन हिला, पत्रे धाडली, आणि त्यांतील कित्येकींना कॅरोलिन कीनच्या नावाने उत्तरेही पोचली. परंतु या नावाची कोणी बाई ती पुस्तके लिहीत नव्हती. ‘हार्डी बॉइज’चे कर्ते फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन, ‘टॉम स्विफ्ट’चे व्हिक्टर ॲपलटन, ‘बॉब्सी ट्विन्स’च्या लॉरा ली होप ही सारी मंडळी त्याच गोत्रातली. ही नावे म्हणजे एका खाजगी पेढीच्या मालकीची मिळकत होती, आणि त्यांच्या आड बसून लिहिणारी हाडामांसाची माणसे ठरीव मोबदला घेऊन आपले सर्व हक्क पेढीस लिहून देत असत.

या पेढीचा संस्थापक एडवर्ड स्ट्रेटमेयर हा 1862 साली न्यू जर्सी संस्थानातील एलिझाबेथ या शहरी, जर्मनीहून येऊन तंबाखूचे दुकान घातलेल्या एका गृहस्थाच्या घरी जन्मला. दुकानात बसल्या बसल्या पुडे बांधावयाच्या तपकिरी कागदावर त्याने आपली पहिली गोष्ट लिहिली, ती फिलाडेल्फियाच्या ‘गोल्डन डेज’ या मुलांच्या साप्ताहिकाने 75 डॉलरला विकत घेतली, आणि तोवर लेखनास रिकामटेकडा उद्योग म्हणणाऱ्या वडिलांचे मत ती रक्कम पाहून तत्काळ पालटले, असे सांगतात. पुढे न्यूयॉर्कच्या ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या प्रकाशनसंस्थेत संपादनाचे व लेखनाचे काम करीत असताना त्याला दोन धडे मिळाले. पहिला असा की, निक कार्टर या गुप्तहेराच्या स्वस्त कादंबऱ्या एका कल्पित नावाखाली अनेक लेखक बिनबोभाट पाडीत असतात आणि वाचकास त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरा धडा होरेशिओ आल्जर या लोकप्रिय बाललेखकाच्या मृत्यूने दिला. 1899 साली आल्जर वारले तेव्हा त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कथा पुऱ्या करण्याचे काम स्ट्रेटमेयरकडे आले, त्या आल्जरच्याच नावाने बाजारात गेल्या, आणि गिऱ्हाइकाने त्या पूर्वीइतक्याच आवडीने घेतल्या. लेखक मेला तरी नाव कमावते राहू शकते, हे ज्याने स्वतःच्या हाताने करून पाहिले त्याने पुढचा विचार केला नसता तरच नवल!

त्याच वर्षी त्याने ‘रोव्हर बॉइज’ ही स्वतःची माला आर्थर एम. विनफील्ड या नावाने सुरू केली. हे नाव आईच्या साहाय्याने जुळविले, त्यातील ‘एम.’ हे अक्षर दहा लक्ष प्रती खपाव्यात या इच्छेने घातले, असा खुलासा त्याने स्वतःच केला आहे, आणि त्या खुलाशात त्या माणसाचा सगळा स्वभाव आला आहे. मागणी इतकी वाढली की एका हाताने ती पुरविणे अशक्य झाले, तेव्हा सुमारे 1905 साली त्याने ‘स्ट्रेटमेयर सिंडिकेट’ ही पेढी काढली. कल्पना त्याची, लेखन इतरांचे, संपादन पुन्हा त्याचे, छपाईचे साचे पेढीच्या मालकीचे, आणि प्रकाशकाकडे केवळ छापण्याचे व विकण्याचे काम, अशी त्याने कामाची वाटणी केली. मुलांची कापडी बांधणीची पुस्तके त्या काळी डॉलर किंवा त्याहूनही अधिक किमतीस विकली जात. 1906 मध्ये ‘मोटर बॉइज’ ही माला अवघ्या 50 सेंटला विकण्यास त्याने प्रकाशकांना राजी केले. दर प्रतीमागे नफा थोडा, परंतु मुलाला स्वतःच्या खिशातील पैशांनी घेता येईल अशी किंमत, हे त्या हिशेबाचे मर्म होते. पुढे त्याच्या हयातीत व पश्चात मिळून या पेढीने हजाराहून अधिक पुस्तके काढली.

कामाची रीत मोठी काटेकोर असे. लेखकाच्या हाती दोनतीन टंकलिखित पृष्ठांचा आराखडा येई. त्यात पात्रे, प्रसंग, गुन्हा आणि उलगडा हे सर्व बांधून दिलेले असे. त्यावरून दोनशेंवर छापील पानांचे, पंचवीसएक प्रकरणांचे पुस्तक महिन्यादीड महिन्यात लिहून द्यावयाचे. पहिल्या प्रकरणातच नायकावर संकट कोसळले पाहिजे. दुसऱ्या प्रकरणात कथा क्षणभर थांबवून मालेतील आधीच्या पुस्तकांची नावानिशी आठवण करून दिली पाहिजे, म्हणजे नव्या वाचकास ती विकत घेण्याची इच्छा होईल. आणि प्रत्येक प्रकरणाचा शेवट अशा ठिकाणी झाला पाहिजे की, मुलाने दिवा मालवून निजण्याची आईची आज्ञा मोडावी. नवी माला काढताना पहिली तीन पुस्तके एकदम बाजारात सोडावयाची आणि ती कशी खपतात ते पाहून चौथे लिहवून घ्यावयाचे, हा तर नेमच होता. पात्रांची लग्ने लावणे हा मात्र या धंद्यात आत्मघात ठरला. रोव्हर बंधू मोठे झाले, संसारी झाले, तेव्हा त्यांच्या मुलांची माला काढावी लागली. रूथ फील्डिंग या नायिकेचे लग्न झाले आणि तिच्यावरील वाचक मुलींचे प्रेम ओसरले. त्यामुळे पुढे आलेल्या नायकनायिकांनी जणू चिरतारुण्याचा करारनामाच करून दिला.

आता या व्यवस्थेत टोपणनावाचे स्थान काय, ते पाहिले पाहिजे. आपल्याकडील जुन्या वतनांत जसा वतनदार कागदोपत्री एक असे आणि दप्तराचे काम त्याच्या नावाने मुतालिक चालवी, तसाच हा प्रकार, फरक एवढाच की येथे वतनदार कल्पित होता आणि वतनाचे उत्पन्न तिसराच घेत होता. लेखकाने काम सोडले, आजारी पडला, मोबदला वाढवून मागू लागला किंवा निवर्तला, तरी मालेत खंड पडू नये. एवढेच नव्हे तर आपल्यावाचून पेढीचे अडते अशी भाषा करण्याची सोयच कोणास राहू नये, ही त्यातील मुत्सद्देगिरी होती. दर पुस्तकाच्या वेळी लेखक एका फारकतीच्या कागदावर सही करी, आणि त्यान्वये मजकुरावरील हक्क, टोपणनावावरील हक्क आणि पुढील विक्रीतील हिस्सा यांवर पाणी सोडी. हार्डी बंधूंच्या पहिल्या पुस्तकांचा मोबदला एका पुस्तकास 125 डॉलर होता. पन्नास सेंटच्या दराने पाहिले तर अडीचशे प्रतींची ही किंमत. आणि त्या पुस्तकांच्या प्रती कोट्यवधी खपल्या. परंतु हे अंक पाहून चटकन संतापण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की, ते लेखक बहुधा वृत्तपत्रांतले बातमीदार होते, रोख रकमेची त्यांना निकड असे, आणि बिदागी मात्र वेळच्या वेळी मिळे. ‘टॉम स्विफ्ट’ची बहुसंख्य पुस्तके लिहिणारा हॉवर्ड गॅरिस हा नेवार्क शहरातील एका दैनिकाचा बातमीदार, त्याची पत्नी लिलियन हीसुद्धा पेढीसाठी लिहीत असे. (या गॅरिसने लिहिलेल्या 1911 सालच्या पुस्तकात टॉम स्विफ्ट विजेची बंदूक बनवितो, तिच्या नावाची आद्याक्षरे घेऊनच पुढे आजच्या पोलिसांच्या कमरेला दिसणाऱ्या हत्यारास ‘टेसर’ हे नाव पडले.)

हार्डी बंधूंची कथा ज्याच्या हातून उतरली तो लेस्ली मॅकफार्लेन कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वाढलेला तरुण पत्रकार. 1926 साली तो मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वृत्तपत्रात असताना, आराखड्यावरून कथा लिहून देणारा लेखक पाहिजे अशी जाहिरात त्याच्या दृष्टीस पडली आणि त्याने अर्ज केला. प्रथम त्याला समुद्रतळाशी साहसे करणाऱ्या डेव्ह फिअरलेस या वीराच्या कथा लिहावयास मिळाल्या. त्या त्याने हसत हसत, अंगावरची माशी झटकावी तशा उरकल्या. पुढे स्ट्रेटमेयरकडून बेपोर्ट गावातील दोन भावांची, फ्रँक आणि जो यांची, योजना आली, आणि 1927 मध्ये ‘द टॉवर ट्रेझर’ व तिच्या पाठोपाठची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. यावेळी मॅकफार्लेनने मनाशी एक निश्चय केला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात त्याच्याएवढे महत्त्वाचे दुसरे काही नाही. नाव आपले नाही, पैसा वाढणार नाही, हे पक्के ठाऊक असतानाही, मुलांना चांगले लिहिलेले काही मिळावयास हवे म्हणून त्याने या पुस्तकांत आराखड्यापलीकडचे असे पुष्कळ ओतले. खादाड आणि भित्रा चेट मॉर्टन, फटकळ जिभेची आत्या गर्ट्रूड, स्वतःस मोठा हेर समजणारा ऑस्कर स्मफ आणि त्याचा वरिष्ठ, ढिम्म पोलीस प्रमुख कॉलिग, यांच्या बोलण्यातला विनोद, भरल्या ताटांची वर्णने, मोठ्या माणसांची मधूनमधून केलेली थट्टा, हे सर्व मुलांच्या लक्षात राहिले ते त्याच्या लेखणीमुळे.

याचा अर्थ त्याला त्या कामाचा अभिमान होता असा मात्र नव्हे. 1930 नंतरच्या मंदीत बिदागी आणखी उतरली, घरी मुले, आणि कोळशाचे व किराण्याचे देणे थकलेले; त्या वर्षांतील त्याच्या रोजनिशीत या पुस्तकांचा वीट आल्याच्या नोंदी आहेत. तो कॅनडाच्या सरकारी चित्रपटमंडळात गेला, तेथे त्याच्या एका लघुपटास ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि 1947 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फँटम फ्रेटर’ या पुस्तकानंतर हार्डी बंधूंशी त्याचा संबंध सुटला. घरच्या कपाटात ही पुस्तके पाहून त्याच्या मुलाने, तुम्हीही लहानपणी ही वाचलीत काय, असे विचारले, तेव्हा कोठे घरातील मुलांना कळले की ती वाचलेली नसून बापाने लिहिलेली आहेत. मुलगा अर्थातच थक्क झाला; शाळेतील मित्रांना सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट ती कोणती! 1976 मध्ये मॅकफार्लेनने आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच त्याने स्वतःला हार्डी बंधूंचे भूत म्हटले आहे. पुढल्याच वर्षी तो वारला.

नॅन्सी ड्रूची हकीकत याहून अधिक गुंतागुंतीची, आणि थोडी कडवटही. मिल्ड्रेड ऑगस्टीन, लग्नानंतरच्या नावांनी वर्ट आणि पुढे बेन्सन, ही आयोवा संस्थानातील लाडोरा नावाच्या खेड्यात 1905 साली जन्मलेली, पोहण्यात पटाईत, आणि आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेची द्विपदवीधर होणारी पहिली विद्यार्थिनी. स्ट्रेटमेयरने तिला प्रथम रूथ फील्डिंगची पुस्तके दिली आणि मग एका नव्या नायिकेचा आराखडा. त्या नायिकेसाठी त्याने स्टेला स्ट्राँग, डायना डेअर, नॅन ड्रू अशी नावांची एक फर्दच प्रकाशकांपुढे ठेवली होती. त्यांतील नॅन ड्रूची नॅन्सी ड्रू झाली. पहिली तीन पुस्तके 28 एप्रिल 1930 रोजी प्रसिद्ध झाली आणि बाराव्या दिवशी, 10 मे रोजी, स्ट्रेटमेयर न्यूमोनियाने मरण पावला. आपण जन्मास घातलेल्या मुलांपैकी सर्वांत भाग्यवान निघालेली ही मुलगी त्याने धड पाहिलीच नाही म्हणावयाची. पेढीस गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याच्या हॅरिएट आणि एडना या दोघी मुलींनी ती स्वतःच चालविण्यास घेतली आणि दप्तर न्यूयॉर्कहून ईस्ट ऑरेंज येथे हलविले.

मंदीच्या दिवसांत त्यांनी मोबदला 125 वरून 75 डॉलरवर आणला, तेव्हा मिल्ड्रेडने साफ नकार दिला, आणि आठवे ते दहावे ही तीन पुस्तके वॉल्टर कॅरिग नावाच्या बातमीदाराने लिहिली. टोपणनावाची योजना येथे हुकमी कामास आली: वाचक मुलींना बदलाची कुणकुणही लागली नाही. पुढे तडजोड होऊन मिल्ड्रेड परतली, आणि 1953 पर्यंतच्या पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस तिने लिहिली. निळी मोटार स्वतः हाकणारी, बंद खोलीत कोंडली गेली तर रडत न बसता दार उचकटणारी, वडीलधाऱ्यांशी बरोबरीने बोलणारी नॅन्सी ही तिचीच. पुढील आयुष्यात मिल्ड्रेडने विमान चालविण्याचा परवाना मिळविला आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातील प्राचीन अवशेष हिंडून पाहिले, हे वाचले म्हणजे नायिकेचे धाडस आराखड्यातून आले की लेखिकेच्या रक्तातून, याविषयी फारसा वाद राहू नये.

तरीही वाद झाला. स्ट्रेटमेयरच्या कन्या हॅरिएट ॲडम्स यांनी उत्तरायुष्यात वृत्तपत्रांना मुलाखती देताना नॅन्सी ड्रूची लेखिका आपणच, असे सांगण्यास सुरुवात केली. त्यांच्या बाजूने बोलावयाचे तर कित्येक आराखडे खरोखर त्यांचे होते, 1953 नंतरची बरीच पुस्तके त्यांनी स्वतः लिहिली, आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी ती पेढी एका पुरुषप्रधान धंद्यात मोठ्या हिमतीने चालविली. परंतु पहिल्या पुस्तकांचे कर्तृत्वही त्यांनी आपल्या खाती ओढले, ते न्यायाचे नव्हते. 1979 मध्ये त्यांनी जुन्या प्रकाशकास सोडून ‘सायमन अँड शुस्टर’शी संधान बांधले, जुने प्रकाशक फिर्यादी झाले, आणि 1980 साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात साक्षीसाठी मिल्ड्रेड बेन्सन यांस पाचारण करण्यात आले. दोघी वृद्ध स्त्रिया समोरासमोर आल्या, तेव्हा हॅरिएटबाई आपण तुम्हांस मृत समजत होतो, अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेल्या. जुनी पत्रे आणि सह्या केलेले फारकतीचे कागद दाखल झाले, आणि जी गोष्ट गुप्त राहावी म्हणून ते कागद करून घेतले होते तीच गोष्ट त्या कागदांनी जगजाहीर केली. निकालाने पूर्वी छापलेल्या पुस्तकांचे हक्क जुन्या प्रकाशकांकडे राहिले आणि नव्या पुस्तकांपुरती पेढी मोकळी झाली. 1982 मध्ये हॅरिएटबाई वारल्या, 1984 मध्ये पेढी विकली गेली. मिल्ड्रेड बेन्सन यांनी टोलेडो येथील दैनिकात लिहिणे वयाच्या 96 व्या वर्षापर्यंत चालू ठेवले आणि 2002 साली, कामावर असताना प्रकृती बिघडून, त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

मुलांच्या रहस्यकथा अशा रीतीने लिहविल्या जाण्यात अमेरिका एकटी होती असे नाही, परंतु तेथे त्या पद्धतीस जे कारखान्याचे रूप आले ते अन्यत्र क्वचितच दिसते. 1964 साली सुरू झालेल्या ‘थ्री इन्व्हेस्टिगेटर्स’ या मालेवर आल्फ्रेड हिचकॉक या चित्रपटदिग्दर्शकाचे नाव झळकत असे, कथा मात्र प्रथम रॉबर्ट आर्थर यांच्या; पुढे इतर लेखकही आले. इंग्लंडात एनिड ब्लायटन यांच्याविषयी नेमकी उलट आवई उठली: एवढी पुस्तके एक बाई लिहिणे शक्य नाही, यामागे पगारी लेखकांची फौज असणार, आणि बाईंनी कायद्याचा आधार घेऊन एका ग्रंथपालाकडून जाहीर माफी वदवून घेतली. आमच्याकडे चंद्रकांत सखाराम चव्हाण या एका गृहस्थाने बाबुराव अर्नाळकर हे नाव धारण करून हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; तेथे नाव खोटे असले तरी हात एकच होता. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या मागे तर नावही भागवतांचे आणि हातही त्यांचाच.

1959 पासून पेढीने हार्डी बंधूंच्या व नॅन्सीच्या जुन्या पुस्तकांचे संस्करण सुरू केले. त्याचे एक कारण नि:संशय योग्य होते. ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’च्या मूळ प्रतीत सरोवराकाठच्या बंगल्याचा रखवालदार हा दारूच्या नशेत झुलणारा कृष्णवर्णीय म्हणून हास्यास्पद रंगविला आहे; नव्या प्रतीत तो गोरा झाला आणि शुद्धीवर आला. अशा अनेक लाजिरवाण्या चित्रणांवर काट मारली गेली, ती जावयास हवीच होती. पण त्याबरोबर नॅन्सीचे वय सोळाचे अठरा झाले, तिचा तोरा उतरून ती अदबशीर झाली, बेपोर्टचे पोलीस कर्तबगार बनले, आणि मॅकफार्लेनने पदरचे घातलेले जे जे होते ते ते बव्हंशी गाळले गेले. पेढीने पहिल्यापासून मानले होते की आराखडा हेच पुस्तक आणि लिहिणारा कोणीही चालेल. नव्या आवृत्त्यांत तिने ते जवळजवळ खरे करून दाखविले, आणि त्या म्हणूनच नीरस आहेत.

मॅकफार्लेनची किंवा मिल्ड्रेड बेन्सन यांची मूळ भाषा ज्याला वाचावयाची असेल त्याने वेष्टनावरील नावाकडे पाहू नये, कारण नाव दोन्हीकडे तेच आहे. रद्दीच्या दुकानात किंवा एखाद्या जुन्या वाचनालयाच्या मांडणीवर ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ हाती लागले तर अनुक्रमणिका उघडून प्रकरणे मोजावीत: वीस असतील तर ती 1959 ची किंवा त्यानंतरची सुधारलेली प्रत होय, पंचवीस असतील तर ती मिल्ड्रेडची, आणि ती जरूर घरी न्यावी.